फळ्यावर सात ओळी मावतात

जिमखान्याबाहेरच्या फळ्यावर
सात निकाल मावतात.
आठवा आला की सगळ्यात वरचा पुसायचा.
एकोणीस वर्षं हेच करतोय मी,
वसंत नेहेते, क्रीडा विभाग, भुसावळ.
मैदानावर चुना मारतो, बॉल फुगवतो,
आणि पुसतो.

नऊ ऑगस्टला आम्ही कोल्हापूरला हरवलं.
पुन्हा सांगतो, कोल्हापूरला.
पोटरीपर्यंत चिखल, यार्डातून इंजिनाची शिट्टी,
आणि मोतीराम पावरा,
सातपुड्यातून आलेला, बुटांना अजून नवखा,
त्याने डाव्या पायाने असा काही काढला बॉल
की त्यांचा गोली अजून तिथेच उभा असेल.
तीन-एक.
बघायला अकरा माणसं,
त्यातले दोन ड्यूटी चुकवून आलेले पॉइंट्समन,
शिवाय आडोसा शोधत आलेली एक शेळी.

देशातल्या पंचवीस कॉलेजांची यादी दर मंगळवारी निघते.
आम्ही चौथे आलो.
प्राचार्यांनी पेढे वाटले, अर्धा-अर्धा.

मग सप्टेंबर, मग ऑक्टोबर.
आम्ही जिंकत होतो आणि घसरत होतो.
पाचवे, सातवे, पुन्हा सातवे.
कारण कुणीतरी, कुठेतरी,
आमच्यापेक्षा नुकतंच जिंकलेलं असायचं.
स्टेशनजवळ राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.
वेळेवर येऊन गेलेली गाडी
फलाटावर कुणाला आठवते?

नोव्हेंबरात एका संध्याकाळी
मी फळ्याच्या वरच्या ओळीपाशी थांबलो.
भुसावळ तीन, कोल्हापूर एक.
खिशात आठवा निकाल होता.
पुसलं.

सोळा जानेवारीला बऱ्हाणपूरशी हरलो.
शून्य-एक. पेनल्टी.
अय्याज तडवी उजवीकडे झेपावला,
बॉल डावीकडे गेला, आरामात,
जेवणानंतर फिरायला निघाल्यासारखा.
त्या रात्रीचं भरीत आधीच ठरलेलं.
बामणोदची वांगी, तुराट्यांचा जाळ, कळण्याची भाकरी.
सोळा पोरं जेवली,
ठेचा कुणी मागितला नाही.

मंगळवारी आम्ही अठरावे.
कोल्हापूर दुसरे.
त्यांचाही वर्षभरात एकच पराभव. एकच!
आणि तोही आमच्याकडून.
पण तो ऑगस्टातला, बुरशी धरलेला.
आमचा ताजा, वाफ निघत असलेला.

यादीवाल्यांना फोन लावला.
पलीकडचा माणूस सज्जन होता. म्हणाला,
“नेहेते, केळीचा घड तोच असतो हो,
भाव कापणीच्या तारखेचा.”
रावेरचा निघाला.
काय बोलणार त्याच्याशी.

कॅप्टन हिंमत सैंदाणे, पारोळ्याचा,
चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी म्हणाला,
“सर, ऑगस्टमा हारी जातूत,
आन् आते जिकतूत, ते?”

मी रात्री कागदावर मांडून पाहिलं.
दोन तारखांची अदलाबदल केली
तर आम्ही दुसरे.
तितकेच गोल, तीच पोरं.
फक्त तिसऱ्या गोलनंतर
छातीवर घसरत कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत गेलेला मोतीराम
गेला नसता.
जानेवारीच्या मातीवर कोण घसरतं?
कागद घडी करून खिशात ठेवला.
हिंमतला सांगितलं, बघू.

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
सप्टेंबरात नवा संच आला, तेव्हापासून
जुनी नऊ नंबरची जर्सी तशीच आत पडून आहे,
न धुतलेली.
चिखलाचा पापुद्रा झालाय,
उचलली की थोडा गळतो.
आज गळलेला झाडला नाही मी.
कपाट लावलं,
सकाळच्या मॅचसाठी चुना भिजत घातला
आणि फळ्याची वरची ओळ
ओल्या फडक्याने मोकळी केली.